ताशी पंधरा किलोमीटर

आपल्या हॉस्टेलमधल्या कुणालाही विचारा, "रविवारी कुठं जाऊ या?" उत्तर ठरलेलं. पन्हाळा, आंबोली, फार तर महाबळेश्वर. कुणाची तरी बाईक मिळवायची, पेट्रोलची वर्गणी काढायची, डोंगरावर जाऊन फोटो काढायचे आणि सोमवारच्या प्रॅक्टिकलला पेंगत बसायचं. डोंगराशी माझं भांडण नाही. पण ज्या नदीच्या काठावर आपण चार वर्षं काढतो (काही सन्माननीय सभासद पाच किंवा सहा!), ती कृष्णा आपल्याला दोनदाच आठवते. एकदा नळाला गढूळ पाणी आलं की, आणि एकदा ऑगस्टमध्ये घरून फोन येतो तेव्हा... "आयर्विनला किती फूट झालं रे?"

माझं म्हणणं सरळ आहे. सांगलीत शिकणाऱ्या इंजिनिअरिंगच्या प्रत्येक मुलानं आणि मुलीनं कृष्णाकाठ सायकलवरून पाहिला पाहिजे. हौस म्हणून तर पाहावाच, पण अभ्यास म्हणूनही पाहावा. आणि कॉलेजनं त्यात आडकाठी न घालता हातभार लावावा.

सायकलच का? पहिलं कारण भूगोलाचं. कऱ्हाड समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आणि सांगली साधारण ५५० वर. रस्त्यानं अंतर सत्तरेक किलोमीटर. म्हणजे साडेतीन किलोमीटरला जेमतेम एक मीटर उतार! नदी तर वळणं घेत येते, तिच्या वाट्याला याहूनही कमी. त्यामुळे इथं एकवीस गिअरची महागडी सायकल लागत नाही. आजोबांच्या काळातली, कॅरिअरवाली, बिनगिअरची सायकल पुरते. दम लागतो तो चढामुळे नाही, समोरच्या वाऱ्यामुळे.

आणि गंमत बघा, जो सपाटपणा सायकलला सोयीचा, तोच पुराला कारण. वरून आलेलं पाणी इथं घाईनं पुढं सरकत नाही, पसरतं. अलमट्टीमुळे पूर येतो की येत नाही यावर आपल्या मेसमध्ये रात्र-रात्र वाद चालतात. मी त्यात निकाल देणार नाही. पण वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी हा उतार आपल्या पायांनी जोखलाय? हायड्रॉलिक्सच्या पेपरात बेड स्लोप लिहिणं वेगळं आणि तीन तास पायडल मारून 'अरे, चढ लागलाच नाही की' हे कळणं वेगळं.

आता रस्ता सांगतो. मला सगळ्यात आवडतो तो साठेक किलोमीटरचा फेरा. एका काठानं जायचं आणि दुसऱ्यानं यायचं. सांगलीहून माधवनगर, नांद्रे, मग येरळा ओलांडून वसगडे, पुढं भिलवडी. वसगड्याच्या अलीकडे-पलीकडे कुठंही थांबून ब्रह्मनाळची वाट विचारा. येरळा आणि कृष्णेचा संगम तिथं आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली ते हेच गाव. तिथं उभं राहिल्यावर कळतं, की 'पूररेषा' ही नकाशावरची निळी रेघ नाही, कुणाच्या तरी घराची भिंत आहे.

भिलवडी म्हणजे चितळ्यांच्या दुधाचं मूळ गाव, धंद्याची सुरुवात १९३९ ची. तिथून पूल ओलांडला की अंकलखोप आणि औदुंबर. दत्ताचं देऊळ, झाडांची गार सावली, खाली घाट आणि संथ डोह. कवी सुधांशूंचं हे गाव. दर संक्रांतीला इथं साहित्य संमेलन भरतं, गावातल्या माणसांनी सांभाळलेलं. घाटावर पाय पाण्यात सोडून अर्धा तास बसा. सबमिशनचा ताण कमी होतो की नाही ते मला सांगा! परतताना आष्टा, तुंग, कसबे डिग्रज, सांगलवाडी आणि शेवटी १९२९ चा आयर्विन पूल. पुलावर जरा उतरा आणि खाली बघा. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. खालच्या पात्राकडे बघून तो आकडा डोळ्यांपुढं उभा करा.

ज्यांच्या पायात जोर आहे त्यांनी भिलवडीहून न वळता किर्लोस्करवाडी गाठावी. आपल्या जातभाईंचं तीर्थक्षेत्रच ते! लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते आणि त्यांनी १८८८ मध्ये बेळगावात दुकान काढलं ते कशाचं? सायकलींचं! पुढं लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभा राहिला. म्हणजे महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगातलं एवढं मोठं नाव सायकलच्या दुकानातून पुढं आलं, आणि आपण मेकॅनिकलवाले सायकलची चेन पडली तर कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. असो.

एवढा वेळ नसेल त्यांच्यासाठी हरिपूर आहेच. लेक्चर सुटल्यावर निघालं तरी अंधाराआधी परत. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. हळद जमिनीखाली साठवायची पेवं याच गावची. विजेचा एक युनिट न वापरता हळद टिकवण्याची ही पद्धत. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि फार मोठं नुकसान झालं. दिवसभराचा बेत असेल तर मिरजेच्या कृष्णा घाटावरून अर्जुनवाड, शिरोळ, नृसिंहवाडी. वाडीला संगम बघायचा, बासुंदी खायची आणि अंगात बळ उरलं तर कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर. तिथला कोपेश्वराचा स्वर्गमंडप, वर मोकळं गोल आकाश आणि खाली खांबांचं वर्तुळ. शिलाहारांच्या काळातल्या कारागिरांकडे ऑटोकॅड नव्हतं एवढंच सांगतो.

आता मुख्य मुद्दा. "रस्ते धोक्याचे आहेत," असं आमचे रेक्टर सर म्हणतात आणि ते चूक नाहीत. गाळपाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यातून बाहेर आलेला ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. संध्याकाळी सायकलवाल्याची कुणाला पत्रास नसते. त्यात साइडपट्टीची दशा! डांबराचे थर वर चढत जातात, साइडपट्टी भरायची राहून जाते आणि कडेला चार-सहा इंचांची पायरी तयार होते. मागून ट्रक आला की सायकलवाल्यानं त्या पायरीवरून खाली उडी मारायची. शाळेला जाणारी पोरं, दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे म्हातारबाबा हे रोज करतात. आपण एखाद्या रविवारी करणार.

पण सर, म्हणूनच तर आम्हाला जाऊ द्या. उद्या यातलेच काही जण पीडब्ल्यूडीत जातील, काही कंत्राटदाराकडे. एस्टिमेटमध्ये साइडपट्टी हा एक आयटम असतो आणि पैसे कमी पडले की तोच पहिल्यांदा मागं पडतो. ज्यानं त्या पायरीवरून एकदा सायकल उतरवलीय, त्याचा हात तो आयटम खोडताना नक्की अडखळेल. हे काम कुठलंही गेस्ट लेक्चर करू शकणार नाही.

धोका कमी करायचे उपायही साधे आहेत. पाऊस सरला आणि कारखाने सुरू व्हायचे असले की तो मधला ऑक्टोबर मोठ्या फेऱ्याला सगळ्यात चांगला. हंगामात फक्त हरिपूर. उजाडल्यावर निघायचं, एकामागं एक चालायचं, हेल्मेट घालायचं, मागं रिफ्लेक्टर लावायचा. काळ्या मातीचा चिखल डांबरावर आलेला दिसला की ब्रेक न दाबता वेग आधीच कमी करायचा.

कॉलेजकडे मागण्या तीनच. एक, शेडमध्ये पास आऊट झालेल्या सीनियर्सच्या ज्या बेवारस सायकली गंजत पडल्यात, त्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त करून हॉस्टेलच्या सामाईक वापराला द्याव्यात. फर्स्ट इयरला तोच जॉब द्या, फायलिंग करून चौकोनी तुकडे घासण्यापेक्षा बरा. दोन, महिन्यातून एका रविवारी सकाळचा आऊटपास मिळावा आणि तो गर्ल्स हॉस्टेललाही त्याच वेळेचा मिळावा. नदी काय फक्त मुलांची आहे? तीन, एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी सोबत यावं. लक्ष ठेवायला या असं म्हणत नाही. येरळेच्या पुलावर थांबून आम्हाला दोन गोष्टी शिकवायला या.

हजेरी नको, मार्क नकोत, सर्टिफिकेट तर अजिबात नको. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मेन गेटवर या. पंप आणि पंक्चरचं सामान माझ्याकडे आहे. भडंग तुम्ही आणा.