विश्लेषण : दादासाहेब फाळके आणि जुन्या चित्रपटांच्या वस्तू… विका, पण संच फोडू नका!

मोबाइलवर ‘जुने सिनेमा पोस्टर’ एवढेच शब्द टाकून पाहा. पोस्टर, गाण्यांच्या चोपड्या, चित्रीकरणाचे फोटो, रिळांचे डबे, प्रोजेक्टर असे हवे ते विकायला असते. ‘जुन्या निर्मात्याच्या घरातून आलेली वस्तू’ अशी ओळ जोडली की किंमत वाढते. जुन्या सिनेमाच्या वस्तू जमवण्याची हौस वाढते आहे, ही आनंदाचीच गोष्ट. प्रश्न वेगळा आहे. एखाद्या चित्रकर्त्याच्या घरातला ठेवा सुटा-सुटा विकला गेला, तर घेणाऱ्याच्या हाती नेमके काय येते? आणि आपण सगळेच काय गमावतो?

खामगावच्या चांदीच्या बाजारात दागिना मोडीत घातलेल्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. मोडीत वजनाचे पैसे मिळतात, घडणावळ जाते. चित्रपटांच्या वारशाचे आपण गेली शंभर वर्षे हेच करत आलो आहोत.

सुरुवात फाळकेंपासूनच का?

आपल्याकडचा पहिला मोठा चमत्कारपटकार म्हणजे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०चा. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण हे सगळे उद्योग त्यांनी केले. इतकेच नव्हे, तर ‘प्रोफेसर केळफा’ हे स्वतःच्याच आडनावातली अक्षरे उलटवून घेतलेले नाव लावून ते जादूचे प्रयोगही करत. पडद्यावरच्या त्यांच्या चमत्कारांचे मूळ या जादूगारीत आहे. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) त्यांनी मारुतीला आकाशातून उडवले. ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) त्यांची लेक मंदाकिनी बालकृष्ण झाली आणि पाण्याखाली नागाशी झुंजली. संगणक तर सोडाच, स्टुडिओत पुरेशी वीजही नसण्याच्या काळातली ही करामत आहे.

त्यासाठी त्यांनी काय मोजले, तेही लक्षात ठेवायला हवे. विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. चित्रफितीला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही सरस्वतीबाई करत. तेव्हा कुठे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

त्यातले उरले काय?

फाळकेंनी नव्वदहून अधिक चित्रपट केले, असे मानले जाते. आज हाताशी आहेत ते मोजकेच तुकडे. ‘कालियामर्दन’ त्यातल्या त्यात बराचसा सलग आहे. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्णजन्म’ यांचे काही भाग आहेत. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणाऱ्या त्यांच्या एका छोट्या चित्रपटातले अंशही आहेत. हे सारे उरले, कारण १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि तिथले पी. के. नायर फाळके कुटुंबीयांपर्यंत पोहोचून मिळेल तो तुकडा गोळा करत राहिले.

यातला ‘राजा हरिश्चंद्र’ मुळात कोणता, हा वादही मिटलेला नाही. फाळकेंनी १९१७ मध्ये तीच कथा पुन्हा चित्रित केली होती. त्यामुळे उपलब्ध रिळे १९१३ची नसून १९१७ची आहेत, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. ज्या चित्रपटावरून आपण भारतीय सिनेमाचे वय मोजतो, त्याचीच ही अवस्था. रीळ हाताशी आहे, पण ते कधीचे हे ठामपणे सांगणारा कागद सोबत नाही. सुट्या वस्तूचे दुखणे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही.

बाकीची रिळे गेली कुठे?

जुनी कृष्णधवल फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर दिलेला चांदीच्या क्षारांचा लेप. चित्रपटाचे खेळ संपले की रिळे भंगारात जात. त्यातली चांदी काढून घेतली जाई आणि उरलेल्या पट्टीचाही काही ना काही उपयोग होई. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज कुठेही पाहायला मिळत नाही. बहुतेक मूकपटांचीही तीच गत झाली. आपण सिनेमा अक्षरशः मोडीत घातला.

जी रिळे मोडीतून वाचली, त्यांना आगीची भीती होती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशा फिल्म ठेवलेल्या कोठारांना आग लागली आणि कित्येक दुर्मीळ चित्रपटांची मूळ रिळे गेली. म्हणजे, ‘सरकारकडे दिले की झाले’ असेही डोळे झाकून म्हणता येत नाही.

परदेशात काय घडले?

तिथेही सगळे शहाणेच होते असे नाही. चमत्कारपटांचा आद्य पुरुष फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस. कर्जापायी स्टुडिओ गेला, तेव्हा त्याने १९२३ मध्ये आपल्याच चित्रपटांच्या निगेटिव्ह जाळून टाकल्या. पुढे तो पॅरिसच्या माँपार्नास रेल्वे स्थानकावर खेळण्यांचे दुकान चालवत होता. त्याच्या पाचशेहून अधिक चित्रपटांपैकी दोनशेच्या आसपास आज पाहता येतात. त्याचे श्रेय जगभर विखुरलेल्या प्रतींना आणि त्या जपणाऱ्या हौशी संग्राहकांना जाते.

दुसरे उदाहरण रे हॅरीहाउसेन (१९२०-२०१३) यांचे. बाहुली तसूभर हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची, या तंत्रातला हा बादशहा. ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधली (१९६३) सात सांगाड्यांची तलवारबाजी त्यांचीच. ती काही मिनिटे चित्रित करायला त्यांना चार महिन्यांहून अधिक काळ लागला. त्यांनी १९८६ मध्ये, हयातीतच न्यास स्थापन केला. बाहुल्या, धातूचे सांगाडे, रेखाटने, पत्रे असा पन्नास हजारांहून मोठा संग्रह त्यामुळे एकत्र राहिला. हॅरीहाउसेन जुन्या बाहुलीच्या आतला सांगाडा काढून नव्या बाहुलीत वापरत. कोणता सांगाडा कुठून कुठे गेला, हे रेखाटन, फोटो आणि वस्तू शेजारी-शेजारी असतील तरच कळते. तिन्ही तीन घरांत गेली, तर प्रत्येकाकडे उरते ती नुसती शोभेची वस्तू.

मग संग्राहक चूक करतात का?

नाही. मेलिएसचे उदाहरण वर आलेच आहे. आपल्याकडेही हौशी लोकांनी रद्दीच्या दुकानातून पोस्टर उचलली नसती, तर ती आज नसती. ‘हा राष्ट्राचा ठेवा आहे, फुकट देऊन टाका’ असे चित्रकर्त्याच्या वारसांना सांगणेही मला पटत नाही. ज्या घराने सिनेमासाठी दागिने दिले, त्या घराकडे पुन्हा दानाचीच अपेक्षा का करायची? वारसांना योग्य मोल मिळायलाच हवे. बाजारात पैसा किती आहे पाहा. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधल्या लाल चपलांच्या एका जोडीला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात २.८ कोटी डॉलरची बोली लागली. तीच जोडी २००५ मध्ये एका संग्रहालयातून चोरीला गेली होती, हेही त्याच कथेत येते. पैसा आला की राखण येते, आणि चोर व नकलाही येतात.

माझे म्हणणे एवढेच की, आधी नोंद व्हावी, मग विक्री. संपूर्ण संचाची यादी आणि फोटो तयार होण्याआधी त्यातली एकही वस्तू घराबाहेर पडू नये. शक्य असेल तर संच एकाच ठिकाणी जावा. नाहीच जमले, तर यादीची प्रत प्रत्येक वस्तूसोबत जावी. खरेदीदारानेही यादी मागितली पाहिजे. यादी नसेल तर ‘निर्मात्याच्या घरातली वस्तू’ हा विक्रेत्याचा नुसता दावा ठरतो.

कायदा काय सांगतो?

पुरातन वस्तू व कला खजिना अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वा कलात्मक वस्तू पुरातन ठरते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणजे फाळकेंच्या मूकपटांच्या काळातल्या बऱ्याच वस्तू आणि त्यांची पत्रे या व्याख्येत बसू शकतात. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो.

दुसरा मुद्दा हक्कांचा. वस्तू विकत घेतली म्हणजे तिच्यावरचे हक्क मिळाले, असे होत नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. फाळकेंचे चित्रपट त्या मुदतीबाहेर कधीच गेले आहेत. १९७० किंवा ८०च्या दशकातल्या चित्रपटांचे मात्र तसे नाही. पोस्टर आपले असले, तरी त्याच्या प्रती छापून विकणे अडचणीत आणू शकते.

बुलढाण्याचा यात काय संबंध?

स्टुडिओ मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरला होते हे खरे. पण सिनेमा पाहिला गेला तो गावोगावी. जत्रेतला तंबू, ट्रकवरचा प्रोजेक्टर, भोंग्यावरची जाहिरात हे पन्नाशी ओलांडलेल्यांना सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजला. प्रेक्षकांच्या बाजूचा हा इतिहास पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांना घरबसल्या मिळणार नाही. तो बंद पडलेल्या टॉकीजच्या माडीवर, जुन्या फोटो स्टुडिओच्या कपाटात, प्रोजेक्टर चालवणाऱ्या आजोबांच्या ट्रंकेत आहे. त्यांच्यामागे घर आवरायला घेतले की पहिला फोन भंगारवाल्याला जातो. फाळकेंच्या रिळांचे झाले, तेच इथे दर उन्हाळ्यात थोडे-थोडे होत असते.

अशी ट्रंक निघाली, तर?

- काहीही पुसण्या-धुण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वस्तू ज्या क्रमाने निघाल्या तो क्रमही टिपा.
- घरातल्या जाणत्या माणसाला बोलते करा. कोणती टॉकीज, कोणती जत्रा, कोणते साल, हे त्याच्याच आवाजात मुद्रित करून ठेवा.
- चोपडी आणि पोस्टरच्या तळाशी असलेले छापखान्याचे नाव-गाव पाहा. १८६७च्या कायद्याने ते छापणे बंधनकारक होते. काळ आणि अस्सलपणा तपासायला ते उपयोगी पडते.
- कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. फोटोमागे लिहायचे तर पेन्सिलीने लिहा.
- १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची फिल्म असेल, तर ती प्रोजेक्टरवर चढवू नका आणि घरातही ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तो धोका आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधा.
- डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म कुजू लागली आहे असे समजा. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे. वर्षातून एक दिवस ठरवावा, लोकांना घरातले सिनेमाचे जुने कागद घेऊन बोलवावे, त्यांचे स्कॅन काढावेत आणि मूळ कागद मालकाला परत द्यावेत. त्याला ना इमारत लागते ना मोठा निधी. वस्तू ज्याची त्याच्याकडे राहते आणि माहिती सगळ्यांची होते.

दादासाहेबांचे १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार आपण दरवर्षी देतो. पण त्यांच्या घरातल्या वस्तूंची यादी वेळीच झाली असती, तर ‘पहिला चित्रपट नेमका कुठे आहे’ असे शंभर वर्षांनी विचारायची वेळ आली नसती. त्यांच्या बाबतीत उशीर झाला, माडीवरच्या ट्रंकेच्या बाबतीत अजून झालेला नाही. यंदा घर आवरताना भंगारवाल्याला फोन करण्याआधी तासभर काढा आणि ट्रंकेतल्या वस्तूंची यादी करा.