थोडी माया सोडा!

आपल्याकडचा शिंपी म्हणजे टिपिकल 'उद्या या' कॅटेगरी. लग्न रविवारी असेल, तर ब्लाउज शनिवारी रात्री साडेनऊला हातात पडतो. तोही हुक लावायचे राहिलेला! त्यामुळे व्हिएतनाममधल्या होई आन गावात '२४ तासांत कपडे शिवून मिळतील' अशी पाटी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला चक्क हसू आलं. पुढच्या दुकानावरही तशीच पाटी होती. त्याच्या पुढच्या दुकानावरही होती. माझी आयटीवाली मैत्रीण म्हणाली, "यांना डेडलाइन कळते. आमच्या कंपनीत घ्यायला हवं!"

परदेशात कपडे शिवून घेणं हा प्रकार तसा नवा नाही. बँकॉक आणि हाँगकाँगला जाऊन सूट शिवून आलेले काका प्रत्येकाच्या नात्यात एखादे असतातच. पण होई आनची गंमत वेगळी आहे. अख्खं जुनं गाव म्हणजे पिवळ्या भिंतींचं, कौलारू छपरांचं आणि रंगीत कंदिलांचं पिक्चर पोस्टकार्ड. दानांगच्या विमानतळापासून साधारण ३० किलोमीटरवर, थू बोन नदीच्या काठी. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत हे मोठं बंदर होतं. चिनी आणि जपानी व्यापारी इथे येऊन राहायचे. रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले असा सगळा माल इथून जायचा. पुढे नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं येईनात, आणि व्यापार दानांगला गेला. गाव मागे पडलं, म्हणूनच जसंच्या तसं उरलं. १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, टुरिस्ट आले, आणि त्यांच्या मागोमाग टेप गळ्यात टाकलेले शिंपीसुद्धा. आता कॉफीच्या दुकानाशेजारी टेलर आणि टेलरशेजारी परत टेलर अशी अवस्था आहे.

माप घेताना पोट आत नको!

दुकानाचं काम कसं चालतं, ते सांगते. आत शिरलं की भिंतभर कापडाचे तागे. समोर कॅटलॉग, नाहीतर टॅब. आपल्या मोबाइलमधला फोटो दाखवला तरी चालतो. कापड निवडायचं, भाव ठरवायचा, थोडा अॅडव्हान्स द्यायचा, की एक मुलगी टेप घेऊन येते आणि खांदा, मुंढा, छाती, कंबर, दंड, मनगट असं काय काय मोजत सुटते. मी सवयीने पोट आत घेतलं. तिने पोटावर हलकेच टिचकी मारली आणि मान हलवली. म्हणजे, श्वास सोड!

खरं सांगू? मला ते फार आवडलं. मॉलमध्ये मी एका ब्रँडची मीडियम, दुसऱ्याची लार्ज आणि तिसऱ्या ब्रँडच्या ट्रायल रूममध्ये नुसतीच रडकुंडीला आलेली मुलगी असते. टेपला मात्र स्मॉल, मीडियम, लार्ज काही माहीत नसतं. तो फक्त आकडा सांगतो, आणि कापड त्या आकड्याप्रमाणे बेतलं जातं. आपण कपड्यात बसायचं नाही, कपड्याने आपल्यावर बसायचं, हे किती दिवसांनी आठवलं!

मी दोन गोष्टी टाकल्या. एक ब्लेझर, कारण फ्रीलान्सरलासुद्धा कधीतरी एडिटरसमोर जावं लागतं. आणि दुसरा, एका जुन्या कुर्त्याची कॉपी. होई आनच्या शिंप्यांची खरी मास्टरी कॉपीत आहे. आपला आवडता, अंगावर नीट बसणारा कपडा न्यायचा, तस्साच दुसरा करून मिळतो.

हा कुर्ता आईने शिवलेला होता.

आमच्या डोंबिवलीच्या घरात आईचं मशीन माझ्याहून थोरलं. बिल्डिंगमधल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज आणि साड्यांचं फॉल-बीडिंग तिच्याकडे यायचं. माझी मास कॉमची फी कुठून आली, हे मला नीट माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा हात थरथरायला लागला. आधी सुईत दोरा ओवायला ती मला बोलवायची. मग काज करणं बंद झालं. मग एक दिवस मशीनवर जुनी चादर आली, आणि चादरीवर वर्तमानपत्रांची रद्दी. त्याच्या थोडं आधी शिवलेला हा शेवटचा कुर्ता. डाव्या बाजूला भलामोठा खिसा, कारण लोकलचा पास आणि मोबाइल हातात धरून फिरलेलं तिला चालत नाही. कोपरावर तो आता इतका विरलाय की पलीकडचं दिसतं.

कॉपी, पण वरूनच

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रायल. ब्लेझर खांद्यात किंचित ओढत होता. ते नॉर्मल आहे, ट्रायल त्यासाठीच असते. कुर्ता मात्र हुबेहूब. गळा तोच, कट तोच. आईचा खिसा एका बाजूला जरासा तिरका लागलाय, तर तोही तसाच तिरका! मैत्रीण म्हणाली, "फोटोकॉपी!"

मी सवयीने कुर्ता उलटा केला. शिंपीणबाईच्या मुलीची खोड, दुसरं काय. आत शिवणीला लागून कापड अगदी काठोकाठ कापलेलं, ओव्हरलॉक मारलेलं. एकदम स्वच्छ काम. पण माया नाही.

'माया' हा शब्द आता टेलरकडेही फारसा ऐकू येत नाही. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात ना, ती माया. उद्या माणूस जाड झालं, उंच झालं, तर शिवण उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. आईने माझ्या शाळेच्या युनिफॉर्मला इतकी माया सोडलेली असायची की एका स्कर्टमध्ये मी तीन इयत्ता काढल्या. दर जूनमध्ये हेम उसवून दोन इंच खाली. जुन्या घडीची गडद रेघ तशीच दिसायची, आणि मला तिची भयंकर लाज वाटायची. वर्गात सगळ्या मुलींचे स्कर्ट दुकानातले, माझ्यावर मात्र वर्षांच्या रेघा!

आता होई आनच्या दुकानात उभं राहून 'माया' कशी समजावणार? मी बोटांनी अर्धा इंच दाखवला, पोट फुगवून दाखवलं, गाल फुगवून दाखवले. टेपवाल्या मुलीला वाटलं, मला कुर्ता सैल हवाय. शेवटी तिने फोन केला. दहा मिनिटांत स्कूटरवरून पन्नाशीच्या एक बाई आल्या. आणि तेव्हा मला कळलं की समोर जे चकाचक दुकान आहे, तिथे कोणी शिवतच नाही. माप इथे, शिवण दुसरीकडे. कपड्यांच्या पिशव्या स्कूटरवरून गल्ल्यांमधल्या वर्कशॉपमध्ये जातात आणि तिथून परत येतात. माझ्या बाबतीत ते वर्कशॉप म्हणजे या बाई.

त्यांनी माझं काही ऐकलंच नाही. आईचा कुर्ता हातात घेतला, उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. बाजूच्या शिवणीत दीड बोट कापड. एकदा उसवून पुन्हा मारलेल्या टाक्यांची ओळ. मागच्या वर्षी माझं वजन वाढलं तेव्हा आईने थरथरत्या हाताने तेवढं केलं होतं. ती ओळ वाकडी होती. बाई हसल्या, काहीतरी बोलल्या. मुलीने इंग्रजीत सांगितलं, "विचारतायत, हे कोणी शिवलं?"

"आई," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. दुसरा कुर्ता, तशीच माया सोडून, शिवून देईन म्हणाल्या. उद्या सकाळी.

उद्या सकाळी! घड्याळात रात्रीचे आठ वाजले होते. २४ तासांची पाटी वाचून मला हसू आलं होतं. आता त्या पाटीच्या मागची रात्र दिसली. लग्नसराईत आमच्या घरातला दिवा दोन वाजता बंद व्हायचा, आणि सकाळी येणारी बाई शंभर रुपयांचे ऐंशी करून द्यायची. काल ब्लेझरच्या भावात २ लाख डोंग कमी करून घेतले म्हणून मी स्वतःवर जाम खूश होते. २ लाख डोंग म्हणजे आपले जेमतेम साडेसहाशे-सातशे रुपये.

आमचे अजून दोन दिवस शिल्लक होते. मी म्हटलं, "परवा द्या. घाई नाही." टेपवाल्या मुलीने मला दोनदा विचारलं. टुरिस्टकडून हे वाक्य तिने ऐकलं नसावं. मीसुद्धा कुठल्याच शिंप्याला आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते. पहिल्या कुर्त्याचे पैसे दिले, दुसऱ्याचे पूर्ण दिले, घासाघीस केली नाही. त्याने जगात फार काही बदललं असं नाही. पण त्या रात्री मला झोप बरी लागली.

तुम्ही जाल तेव्हा...

शिवायचं असेल तर पहिल्याच दिवशी टाका. दोन ट्रायल्सना वेळ ठेवा. विमानाच्या दिवशी ट्रायल म्हणजे पायावर धोंडा. ट्रायलला फक्त आरशासमोर उभं राहू नका. हात वर करा, बसा, वाका. अस्तर, बटणं, खिसे सगळं आधी लिहून घ्या. आणि हो, माया मागा!

रेशीम म्हणून पॉलिएस्टर गळ्यात पडू शकतं. दुकानदाराला दोन धागे जाळून दाखवायला सांगा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

डोंगमधल्या शून्यांना घाबरू नका. शेवटची दोन शून्यं उडवायची आणि तीनने भागायचं, की साधारण रुपये मिळतात. २० हजारांची निळी नोट खर्च करण्याआधी जरूर बघा, त्यावर होई आनचा जपानी पूल आहे. बाजारात भाव करायचाच, पण सकाळी सकाळी नुसता टाइमपास म्हणून नको. आपल्यासारखी भवानीची समजूत तिकडेही आहे. पहिलं गिऱ्हाईक भाव करून हात हलवत गेलं, तर दिवस वाईट जातो म्हणतात.

सुवेनिर्समध्ये फ्रिज मॅग्नेट सोडून बरंच काही आहे. बांबूच्या कामट्यांचे कापडी कंदील छत्रीसारखे मिटतात, बॅगेत आरामात मावतात, आणि दिवाळीला सोसायटीत भाव खातात. कॉफीसाठी 'फिन' नावाचा छोटा धातूचा फिल्टर घ्या. कॉफीच्या उत्पादनात व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल जगात दुसरा आहे. ती काळी कडक कॉफी कंडेन्स्ड मिल्कवर थेंब थेंब पडताना बघणं हाही एक प्रोग्रॅमच. लाखकामाच्या डब्या हलक्या असतात. त्यातलं पांढरं नक्षीकाम कित्येकदा अंड्याच्या कवचाचं असतं. शंकूसारखी 'नोन ला' टोपी फोटोत मस्त दिसते, पण बॅगेत मावत नाही. ती डोक्यावर घालूनच विमानात चढायचं. मी चढले. संगमरवराचे सिंह मात्र बघूनच सोडा, वजन तुमचं आणि दंडही तुमचा. कासवाच्या पाठीच्या किंवा प्रवाळाच्या वस्तू कोणी दाखवल्या तर सरळ पुढे चला.

आणि घरी आल्यावर...

बॅग उघडली. कंदील आईने बाजूला ठेवला. कॉफीचा वास घेतला आणि "चहा नाही का मिळत तिकडे?" म्हणाली. ब्लेझरकडे तर ढुंकूनही बघितलं नाही. दुसरा कुर्ता मात्र हातात घेतला आणि सरळ उलटा केला. खिडकीच्या उजेडात नेऊन शिवणीवरून बोट फिरवलं. बोट थरथरत होतं, पण शिवण सोडत नव्हतं.

"माया सोडलीय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "खिसा का तिरका लावला तिने?"

"तुझा होता तसाच लावलाय."

ती हसली. कितीला पडला, हे विचारलंच. आईला परदेशातल्या वस्तूची खरी किंमत कधी सांगायची नसते, मी निम्मी सांगितली. तरी "महाग आहे" म्हणाली.

कोपरावर विरलेला जुना कुर्ता मी पुसायला टाकायच्या कपड्यांत ठेवला होता. संध्याकाळी बघते, तर तो घडी करून माझ्या कपाटात परत.

"तो टाकू नकोस," आतून आवाज आला. "त्यात अजून अर्धा इंच आहे."