मोटारीचें साल

आमच्या माजघरांत घड्याळाशेजारीं एक छायाचित्र टांगलेलें आहे. आमचे मधले काका १९५४ सालीं अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले; तेथें एका लांबरुंद मोटारीस टेकून ते उभे आहेत. मोटार त्यांची नव्हे, हें त्यांच्या अंगावरील कोटाकडे पाहतांच ध्यानांत येतें. चित्राच्या पाठीवर तारीख नाहीं. मात्र घरांत चालत आलेली हकीकत अशी कीं, १९५६ च्या श्रावणांत आजोबा वारले, त्याच्या आदल्याच आठवड्यांत हें चित्र टपालानें आलें, आणि दूरदेशींच्या मुलाचें मुख पाहून त्यांनीं समाधानानें डोळे मिटले. आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशीं ही गोष्ट निघाली नाहीं, असें आमच्या आठवणींत कधीं घडलेलें नाहीं.

गेल्या महिन्यांत भिंतीस रंग द्यावयाचा म्हणून चित्र खालीं उतरविलें, कांच पुसली, आणि हातीं भिंग होतें म्हणून सहज मोटारीकडे पाहूं लागलों. त्यांतून काय निघालें तें सांगण्यापूर्वीं, अमेरिकन मोटारीचें साल ओळखण्याची विद्या थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

प्रथम 'साल' म्हणजे काय तें पाहूं. आपल्याकडे शक चैत्रांत बदलतो, विक्रम संवत् कार्तिकांत, आणि सरकारी साल एप्रिलांत. अमेरिकन मोटारीचें सालहि असेंच स्वतंत्र आहे. पुढल्या सालच्या गाड्या आदल्या सालच्या शरदृतूंतच दुकानांत मांडावयाच्या, असा तेथील बहुतेक कारखान्यांचा रिवाज होता. दरसाल नवें रूप देण्याची चाल मात्र आरंभापासूनची नव्हे. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत राहिली, आणि १९१४ ते १९२५ या काळांत ती काळ्या रंगाखेरीज मिळतच नसे. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनीं उलट मार्ग धरला. शेजाऱ्याच्या नव्या गाडीपुढें आपली गाडी जुनी दिसूं लागली, म्हणजे मनुष्य आपण होऊन दुकानाची पायरी चढतो, हें त्यांनीं ओळखलें. आणि १९२७ सालीं हार्ली अर्ल यांस गाड्यांच्या रूपाचें खातें सोंपविलें. गिऱ्हाइकाचा खिसा हलका करण्यासाठीं निघालेली ही युक्ति पुढें तारखा शोधणारांच्या पथ्यावर पडली.

साल ओळखतांना आधीं जाड चाळणी लावावी. १९४२ च्या फेब्रुवारींत युद्धामुळें तेथें खासगी मोटारी बनविणें थांबलें, तें १९४५ च्या उत्तरार्धांत पुन्हां सुरू झालें. १९४६ च्या बहुतेक गाड्या म्हणजे १९४२ च्याच, किंचित् मुखडा पालटलेल्या. मागच्या बाजूचे पंख १९४८ च्या कॅडिलॅकवर प्रथम फुटले. अर्ल यांस ते एका दुशेपटी लढाऊ विमानावरून सुचले होते. वाढतां वाढतां १९५९ सालीं ते सर्वांत उंच झाले. पन्नासच्या दशकांतील गाडीस पुढें चार दिवे असतील, तर ती बहुधा १९५८ किंवा त्यानंतरची समजावी. गाडीच्या दोन्ही कुशींवर, टोकांशीं, लहान दिवे वा चकाकत्या खुणा असतील, तर ती सामान्यतः १९६८ किंवा पुढची. कारण त्या सालापासून कायद्यानेंच त्या आवश्यक ठरल्या.

मग बारीक चाळणी. १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन सालच्या शेव्हरोलेट म्हणजे एकाच आईच्या तीन मुली; अंगलट एक, चेहरे वेगळे. १९५५ ची पुढची जाळी आटोपशीर व चौकटी-चौकटींची. तिच्या पेट्रोलच्या टांकीचें झांकण मागच्या डाव्या अंगावर उघड दिसतें. १९५६ ची जाळी गाडीच्या रुंदीभर पसरली, आणि झांकण मागल्या डाव्या दिव्याआड लपलें. दिवाच दारासारखा उघडावा लागतो. १९५७ सालीं मागें टोकदार पंख आले, आणि झांकण डाव्या पंखाच्या कडेवरील चकचकीत पट्टींत दडलें. पेट्रोल कोठून भरावयाचें हें ज्यास ठाऊक, त्यास साल ठाऊक.

तथापि एकाच खुणेवर विसंबूं नये. १९६३ च्या बंद टपाच्या कॉर्व्हेट गाडीची मागची कांच मधोमध पट्टीनें दुभागलेली होती. १९६४ सालीं ती अखंड झाली. मागचें नीट दिसत नाहीं म्हणून कांहीं मालकांनीं १९६३ च्या गाडीस अखंड कांच बसवून घेतली, आणि आतां त्या दुभंगलेल्या कांचेलाच मोल आलें आहे! खरी साक्ष क्रमांकाची. वर सांगितलेल्या शेव्हरोलेटच्या क्रमांकांत सालाचे दोन आंकडे स्पष्ट ठोकलेले असत. १९८१ सालापासून सतरा अक्षरांचा क्रमांक आला, त्यांतील दहावें अक्षर सालाचें. चित्रांत मात्र क्रमांक दिसत नाहीं. तेथें दोन-तीन खुणा जुळवूनच निर्णय करावा.

आणि तो निर्णयहि एकाच दिशेनें चालतो. जुन्या मोटारीशेजारीं कोणी दहा वर्षांनींहि उभा राहील. पण जी मोटार अजून निघालीच नाहीं, तिला कोणास टेकतां येत नाहीं.

आतां आमचें चित्र. नंबराची पाटी काकांच्या पायांआड गेलेली. पण त्यांच्या कोपरामागें टोकदार पंख, आणि त्याच्या कुशीवर बारीक रेघांचा रुपेरी पत्रा, दोन्हीं स्वच्छ दिसत होतीं. गाडी १९५७ ची शेव्हरोलेट बेल एअर. ती विक्रीस आली १९५६ च्या ऑक्टोबरांत; तोंवर आजोबांचें दिवसकार्य होऊन गेलें होतें.

त्या प्रसंगीं हजर असलेल्यांपैकीं आज एकट्या थोरल्या काकू आहेत. वय नव्वदीच्या पुढें. त्यांना हें सांगावें कीं नाहीं, यावर घरांत दोन दिवस खल झाला. साक्षीदारास न विचारतां निकाल देणें बरें नव्हे, असें म्हणून आम्हीं शेवटीं सांगितलें. काकूंनीं चित्र मांडीवर घेतलें, बराच वेळ त्यावरून हात फिरविला, आणि म्हणाल्या, "अरे, मोटारीचें तूं म्हणतोस तें खरें असेल. पण मामंजींना चष्मा मीं चढविला, आणि 'पोर वाळलें' असें ते म्हणाले, तें मीं या कानांनीं ऐकलें. मग हें चित्र तें नव्हे. तें दुसरें असेल."

एवढी साधी गोष्ट आम्हांस सुचली नव्हती! आजोबांनीं हें चित्र पाहिलें नाहीं, इतकेंच मोटार सांगते. कोणतेंच पाहिलें नाहीं, असें ती म्हणत नाहीं. त्या दिवसापासून माळ्यावरील ट्रंका एकेक करून उतरवीत आहों. दुसरें चित्र अद्याप सांपडलेलें नाहीं.

मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्या जुळविल्या जात. तेव्हां आमच्या कित्येक वाचकांच्या जुन्या आल्बमांतहि एखादी शेव्हरोलेट उभी असेल. ती अवश्य पाहावी. पण भिंग हातीं घेण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींना जवळ बसवावें, आणि त्या सांगतील तें चित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें लिहून ठेवावें. मोटारीचें साल उद्यांहि वाचतां येईल. असो.