कूपन लावलं, पण वाचलं किती?

रूमवर तुम्ही चौघं राहताय. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. साखर संपलीय, भांडी घासायचा साबण संपलाय आणि सकाळच्या पोह्यांसाठी शेंगदाणेही नाहीत. कुणीतरी ॲप उघडतं, यादी टाकतं. बिल होतं ३८० रुपये. तेवढ्यात खाली पट्टी झळकते : 'आणखी ११९ रुपयांची खरेदी करा आणि ३० टक्के सवलत मिळवा!' मग काय, चिप्स येतात, कोल्ड कॉफी येते. कूपन लागतं, स्क्रीनवर रंगीत फुगे उडतात आणि सगळे खूश.

आता हा हिशेब एकदा कागदावर करून बघा. बिल झालं ४९९. ३० टक्के म्हणजे साधारण १५० रुपये सुटायला हवेत. पण कूपनखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'कमाल सवलत ७५ रुपये'. म्हणजे खरी सवलत १५ टक्केच. उरले ४२४. त्यात हँडलिंग फीचे १२ रुपये मिळवा, झाले ४३६. तुम्हाला हवं होतं ३८० रुपयांचं सामान. म्हणजे 'वाचवण्याच्या' नादात खिशातून ५६ रुपये जास्त गेले. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण तुमच्या मागच्या तीन-चार ऑर्डरी काढून बघा, हिशेब ओळखीचा वाटेल.

म्हणून कूपन वापरूच नये का? असं अजिबात नाही. त्याच ११९ रुपयांत चिप्सऐवजी तूरडाळ किंवा कपडे धुण्याची पावडर घेतली असती, तर ती पुढच्या आठवड्यात घ्यावीच लागणार होती. मग ते ७५ रुपये खरंच वाचले असते. तेच कूपन, तीच रक्कम, फरक फक्त यादीत काय आहे याचा.

मुळात कंपन्या कूपन देतात कशाला? सरळ दर कमी का करत नाहीत? अर्थशास्त्र घेतलेल्यांना 'किंमतभेद' हा शब्द आठवेल. दर उघडपणे कमी केला, तर जास्त पैसे द्यायला तयार असलेल्यालाही तो कमीच द्यावा लागतो. कूपनमुळे गिऱ्हाइकांची आपोआप विभागणी होते. जो शोधतो, अटी वाचतो, थांबतो, त्याला वस्तू स्वस्त. जो घाईत आहे, त्याला पूर्ण दरात. शिवाय 'पहिल्या ऑर्डरवर सवलत' हा सवय लावण्याचा खर्च असतो. चौथ्या-पाचव्या ऑर्डरपर्यंत कूपन आटतं, पण ॲप उघडायची सवय राहते. आणि तुम्ही काय, कधी, किती घेता ही माहिती कंपनीकडे जमा होते, ती वेगळीच.

तुलनेसाठी २२ सप्टेंबर २०२५ आठवा. त्या दिवसापासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. त्यासाठी कुणाला कोड टाकावा लागला नाही की ४९९ ची अट पुरी करावी लागली नाही. करकपात सगळ्यांसाठी सारखी असते. कूपन तसं नसतं, ते निवडक लोकांसाठी आणि निवडक वेळेसाठी असतं. म्हणूनच ते डोळे उघडे ठेवून वापरायचं.

सरकारलाही याची दखल घ्यावी लागली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. ग्राहकाला फसवून किंवा गोंधळवून खरेदी करायला लावणाऱ्या १३ क्लृप्त्या त्यात नोंदवल्या आहेत. 'फक्त दोनच उरलेत' अशी खोटी घाई करणं, न विचारता बास्केटमध्ये काहीतरी घुसवणं, पैसे भरायच्या क्षणी नवीनच शुल्क पुढे करणं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं बटण ठेवून ग्राहकाला ओशाळवणं, हे सगळं त्यात येतं. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायलाही सांगितलं. असा अनुभव आला तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोन मोफत आहे.

तर मग सुरुवात कुठून करायची?

आधी यादी, मग कूपन. फ्रिजवर किंवा दाराच्या मागे एक कागद लावा. जे संपत आलंय ते लगेच लिहा. कूपन बघून यादी करायची नाही, यादी बघून कूपन शोधायचं. किमान रकमेसाठी थोडे पैसे कमी पडत असतील, तर टिकणारी वस्तू घ्या : डाळ, मीठ, साबण, टूथपेस्ट.

तीन अटी वाचा. किमान खरेदी किती, कमाल सवलत किती आणि शेवटची तारीख कोणती. त्यातही 'पर्यंत' हा शब्द दिसला की थांबा. '५० टक्क्यांपर्यंत' म्हणजे ५० टक्के नव्हे.

टक्का बघू नका, शेवटची रक्कम बघा. डिलिव्हरी, हँडलिंग, पावसाचं किंवा गर्दीचं जादा शुल्क, हे सगळं धरून बिल किती झालं? तेच सामान खालच्या किराणावाल्याकडे कितीला मिळतं? एमआरपी ही कमाल किंमत आहे. तिच्यापेक्षा जास्त कुणी घेऊ शकत नाही, कमी मात्र कुणीही घेऊ शकतो. डी-मार्टसारख्या दुकानांत तर बऱ्याच वस्तू कूपनशिवायच छापील किमतीपेक्षा कमी दराने मिळतात.

ग्रॅमचा हिशेब करा. पाकिटावर एमआरपीजवळच प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलीटर किंमत छापलेली असते. कूपन लावलेला मोठा पॅक आणि कूपन नसलेला छोटा पॅक यांची तुलना करायला ती सर्वात सोपी. मोठा पॅक नेहमी स्वस्त असतोच असं नाही. शाम्पूच्या बाबतीत तर बाटलीपेक्षा छोटी पुडी अनेकदा स्वस्त पडते.

आणि सावध राहा. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'मोफत कूपन'च्या लिंकवरून कुठलंही ॲप डाउनलोड करू नका. स्क्रॅच कार्डावरचे पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन मागितला, तर ती फसवणूकच समजा. पैसे घेताना पिन लागत नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

एक गोष्ट मात्र कुठलंच कूपन शिकवत नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून एक साधी पद्धत चालवते. शेजारपाजारची कुटुंबं मिळून गट करतात, महिन्याची यादी आधी देतात, संस्था एकत्रित खरेदी करते आणि सामान गटापर्यंत पोहोचतं. दर कमी होतो, कारण मागणी एकत्र येते. तुमच्या मजल्यावर तीन रूम असतील, तर हे छोट्या प्रमाणावर तुम्हालाही जमेल. तीन वेगळ्या ऑर्डरींवर तीनदा शुल्क भरण्यापेक्षा महिन्यातून दोनदा एकच मोठी यादी करा. किमान रकमेची अट चिप्सशिवाय पुरी होईल आणि कोपऱ्यावरचा दुकानदारही घाऊक खरेदीवर चार पैसे कमी करेल.

त्या दुकानदाराचाही विचार करायला हवा. घाऊक वितरकांच्या देशव्यापी संघटनेने २०२४ मध्ये क्विक कॉमर्सच्या भरमसाट सवलतींविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली. त्यांचं म्हणणं असं, की खर्चापेक्षा कमी दराने माल विकून छोट्या दुकानांना बाजारातून उठवलं जातंय. यात खरंखोटं आयोग ठरवेल. पण महिनाअखेरीला खिसा रिकामा असताना 'राहू द्या, एक तारखेला द्या' असं म्हणून वहीत लिहून ठेवणारा माणूस गल्लीत असणं, हीसुद्धा एक सवलतच आहे. ॲपवरचं 'पे लेटर' त्याची जागा घेऊ शकत नाही. ते कर्ज असतं, आणि हप्ता चुकला की दंड लागतो.

या महिन्यात एवढंच करून बघा. प्रत्येक ऑर्डरचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. महिनाअखेरीला दोन बेरजा करा : कूपनने किती 'वाचवले' आणि कूपन लागावं म्हणून यादीबाहेरचं किती घेतलं. दुसरी बेरीज मोठी आली, तर पुढच्या महिन्यात ॲप उघडण्याआधी दारामागचा कागद बघा.