टारफुल्याला दिलेला चकवा
ज्वारीच्या मुळाला चिकटून फुकट जेवणारं टारफुला हे तण आपल्याकडच्या जिरायती शेतकऱ्याला नवं नाही. पण त्याची खोड मोडायचा उद्योग सौदी अरेबियात, तांबड्या समुद्राकाठच्या थुवलला चालावा, ही मोठी गंमत. तिथल्या किंग अब्दुल्ला विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात सलीम अल-बाबिली कॅरोटिनॉइडांवर, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या गोतावळ्यावर काम करतात. जर्मनीत फ्रायबुर्गला असताना २००० सालच्या गाजलेल्या ‘गोल्डन राइस’च्या, म्हणजे बीटा-कॅरोटिनमुळे पिवळ्या झालेल्या सोनेरी तांदळाच्या, शोधनिबंधावर त्यांचं नाव होतं. तो तांदूळ वर्षानुवर्षं वादात अडकला. हे गृहस्थ मात्र त्याच पिवळ्या द्रव्याचा माग काढत मुळांपर्यंत उतरले. बीटा-कॅरोटिनची मोडतोड होऊन वनस्पतीत कार्लॅक्टोन तयार होतं, हे त्यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं. त्यातूनच पुढे स्ट्रायगोलॅक्टोन बनतात. मुळं ती मातीत सोडतात मुळांना मदत करणाऱ्या मायकोरायझा बुरशीला बोलवायला. आणि वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसलेलं टारफुल्याचं धुळीसारखं बी तीच हाक ऐकून जागं होतं. बुर्किना फासोत या मंडळींनी डाव उलटवला. रानात पीक नसताना, ओल असताना, तसंच कृत्रिम द्रव्य टाकायचं. बी रुजतं, धरायला मूळ सापडत नाही, काही दिवसांत मरतं. पुढच्या ज्वारी-बाजरीत तण निम्म्याहून कमी उगवलं. मला तर सोनेरी तांदळापेक्षा ही लबाडीच जास्त आवडली. अर्थात त्या द्रव्याचा खर्च ज्वारीच्या भावात बसला, तरच शेतकरी ते हातात धरणार.