छोट्या टाकीला निरोप (पण बंबाला नाही!)

तर मंडळी, गेले दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही, कारण मी माळ्यावर होतो. अगदी शब्दशः! हातात टॉर्च, गुडघ्याखाली अंगाला खाजवणारी ग्लासवूल, आणि समोर बादलीपेक्षा थोडी मोठी अशी एक प्लॅस्टिकची टाकी. तिच्यामुळे आमच्या दिवाणखान्याची जमीन कुजली. कशी, ते सांगतो.

(मी संगणकवाला, प्लंबर नव्हे. तेव्हा चूभूद्याघ्या.)

आमचं लीड्समधलं घर १९६०च्या दशकातलं. २०२२ साली घेतलं तेव्हा बागेकडे बघून घेतलं, पाइपांकडे बघून कोण घेतं? इथली जुनी घरं गरम ठेवण्याची पद्धत अशी: गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाणी प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमधून फिरवतो, आणि तेच पाणी परत येऊन पुन्हा तापतं. आता पाणी तापलं की फुगतं. १० अंशांवरून ८० अंशांवर नेलं तर १०० लिटरमागे जवळजवळ ३ लिटर वाढतं. हे वाढीव पाणी जाणार कुठे? या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि सगळा वाद तिथेच आहे.

पहिलं उत्तर ओपन व्हेंटेड. माळ्यावर एक छोटी उघडी टाकी. फुगलेलं पाणी तिच्यात चढतं, निवलं की उतरतं. कमी पडलं तर टाकीतला फ्लोट खाली जातो आणि नळ आपोआप भर घालतो. दाब म्हणजे फक्त टाकीच्या उंचीचा. दहा मीटरला एक बार, म्हणजे आमच्या दिवाणखान्यात साधारण अर्धा बार.

दुसरं उत्तर सील्ड. उघडं काहीच नाही. फुगलेलं पाणी एका लोखंडी डब्यातल्या रबरी पडद्याला ढकलतं, पडद्यामागची हवा दबते. पाणी गार असताना गेजवर एक-सव्वा बार, आणि काही बिनसलंच तर ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. आईला व्हिडिओ कॉलवर समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे एक पातेलं आणि एक कुकर. एवढंच ना रे?" एवढंच. मी उगाच व्हाइटबोर्ड घेऊन बसलो होतो :)

झालं असं, की गेल्या डिसेंबरात दिवाणखान्यातल्या एका कोपऱ्यात जमीन पायाखाली दबायला लागली. बायकोला सातवा महिना, आई जानेवारीत यायची होती, आणि आम्ही फळ्या उचकटून बसलेलो. खाली पाइपाचा एक जोड ठिबकत होता. आजचा नाही, कित्येक महिन्यांचा. आम्हाला कळलं का नाही? कारण जेवढं पाणी खाली गळत होतं तेवढं माळ्यावरची टाकी गुपचूप भरत होती. घर गरम, बॉयलर खूश, आम्ही खूश!

ज्यांनी कोड लिहिलाय त्यांना हा प्रकार लगेच कळेल. एखादा सद्गृहस्थ प्रत्येक एक्सेप्शन पकडतो आणि कॅच ब्लॉकमध्ये काहीच लिहीत नाही. प्रोग्रॅम चालू राहतो. डेटा कुजत राहतो.

आणि नुकसान जमिनीपुरतं नव्हतं. गंज लागू नये म्हणून या पाण्यात इनहिबिटर नावाचं रसायन घालतात. ताज्या पाण्याची सतत भर पडली की ते पातळ होत जातं, आणि ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजनही येतो. मग रेडिएटर आतून गंजतात आणि तळाशी काळा गाळ बसतो. आमचे दोन रेडिएटर वरून गरम आणि खालून गार होते, ते यामुळेच. मी वर्षभर ते 'जुनं झालंय, चालायचंच' म्हणून सोडून दिलं होतं.

मग तीन कारागीर बघून गेले. (इथे गॅसच्या कामाला 'गॅस सेफ' नोंदणी असलेलाच माणूस लागतो. पैसे वाचवायला ओळखीचा कुणी आणू नका.) पहिला म्हणाला, सगळं उपटा, कॉम्बी बसवा. दुसरा म्हणाला, जोड बदला आणि विसरून जा. तिसरे जरा वयस्कर होते. त्यांनी आधी विचारलं, "घरात माणसं किती? आणि वाढणार का?"

त्या एका प्रश्नाने माझ्या डोक्यातला गोंधळ सुटला. हपिसातल्या सगळ्यांसारखा मीही 'सील्ड म्हणजे कॉम्बी' असंच धरून चाललो होतो. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रेडिएटरमधलं पाणी उघडं ठेवायचं की बंद, हा एक. अंघोळीचं पाणी साठवून ठेवायचं की लागेल तसं तापवायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बदललं म्हणून दुसऱ्याचं बदलायलाच हवं असं नाही.

कॉम्बी वाईट नाही. एकट्या-दुकट्याच्या फ्लॅटमध्ये मीही तोच घेईन. पण गणित करून बघा. ३० किलोवॉटचा कॉम्बी पाण्याचं तापमान ३५ अंशांनी वाढवत असेल तर मिनिटाला सुमारे १२ लिटर देतो. एका शॉवरला उत्तम. पण वर आईची अंघोळ आणि खाली बाळाची, दोन्ही एकदम सुरू झाल्या की वाटणी आली. शिवाय तो बंद पडला तर घर आणि पाणी दोन्ही गार. आमच्या कपाटातल्या जुन्या तांब्याच्या सिलिंडरला (घरात आम्ही त्याला बंबच म्हणतो) ३ किलोवॉटचा विजेचा इमर्शन हीटर आहे. बॉयलर रुसला तरी बाळाला तेल लावून न्हाऊ घालता येतं. बाळंतिणीच्या घरात ही चैन नव्हे!

तेव्हा आमचा निर्णय असा: रेडिएटरचं सर्किट सील्ड, बंब आणि त्याला पाणी पुरवणारी मोठी टाकी जागच्या जागी. बॉयलर सहा वर्षांचाच, आणि सील्ड चालतो असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं, म्हणून तोही तोच. फक्त छोटी टाकी गेली. तिच्या जागी लाल डबा, गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आला.

फुकट काही मिळालं नाही. दाब दुप्पट झाल्याबरोबर वरच्या खोलीतले दोन जुने व्हॉल्व्ह गळायला लागले, ते बदलावे लागले. दाब फारच उतरला तर बॉयलर बंद पडतो आणि आपल्याला हाताने पाणी भरावं लागतं. पण मला नेमकं हेच हवंय. गेज उतरलं म्हणजे कुठेतरी गळतंय, आणि ते मला जमीन कुजायच्या आधी कळतं. भरून झालं की भरायची नळी काढून ठेवायची, असा इथला नियम आहे. तो पिण्याच्या पाण्यात हे घाण पाणी उलटं जाऊ नये म्हणून. पण ती नळी उघडी राहिली तर गळती पुन्हा लपणार, हेही लक्षात ठेवा.

मग उघडी पद्धत टाकाऊच का? मुळीच नाही. सगळे पाइप काँक्रीटमध्ये गाडलेले आणि जुनाट असतील तर त्यांच्यावर दाब वाढवणं हा जुगार आहे. आणि कोळशावर किंवा लाकडावर चालणारा बॉयलर असेल तर वाफ निघून जायला उघडी वाट हवीच, कारण ती आग बटण दाबून विझत नाही. गावाला आजीचा बंब वरून उघडा का होता, ते मला सत्ताविसाव्या वर्षी इथे माळ्यावर बसून कळलं. इंजिनियरिंगची चार वर्षं कुठे गेली कोण जाणे.

आणि दहा वर्षांनी हीट पंप घ्यायची वेळ आली तर? (सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंड-वेल्समधलं हवेवरच्या पंपाचं अनुदान ५००० वरून ७५०० पौंडांवर नेलं.) हीट पंपाला गरम पाणी साठवायला सिलिंडर लागतोच. आजचा बंब कदाचित बदलावा लागेल, पण कपाटाची जागा आणि पाइप तरी शाबूत असतील. कॉम्बीसाठी ते कपाट मोडणाऱ्यांनी एवढा विचार जरूर करावा.

तुमच्याकडे छोटी टाकी असेल तर निदान आज एक काम करा. हीटिंग बंद आणि गार असताना माळ्यावर चढा आणि तिच्यात पाणी पडल्याचा आवाज येतो का ऐका. येत असेल तर फ्लोटचा नळ बिघडलाय, किंवा कुठेतरी पाणी जातंय.

असो. बाळ आता तीन महिन्यांचं आहे, आई पुढच्या आठवड्यात परत जाईल, आणि गेज सव्वावर आहे. आत्ताच बघून आलो.