खर्डा कोण लिहितो?

आमच्या गावाचं नाव खर्डा. कायद्याच्या कच्च्या मसुद्यालाही मराठीत खर्डाच म्हणतात. पण गेल्या आठ-नऊ वर्षांत आमच्या सरपंचाच्या निवडीचा कायदा तीनदा बदलला आणि त्याचा खर्डा लिहिताना खर्ड्याच्या एकाही माणसाला कोणी विचारलं नाही.

२०१७ साली फडणवीस सरकारने ठरवलं की सरपंच थेट जनतेतून निवडायचा. २०२० मध्ये महाविकास आघाडी आली आणि म्हणाली, नाही, सदस्यांतूनच निवडायचा. राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली नाही, तर विधेयक आणून करून घेतलं. जुलै २०२२ मध्ये शिंदे-फडणवीसांचं दोघांचंच मंत्रिमंडळ होतं, तेव्हा पुन्हा थेट निवड. नगराध्यक्षाचंही तेच झालं. प्रत्येक वेळी भाषणात लोकशाही, विकास, घोडेबाजार हेच शब्द. गणित मात्र साधं होतं. ज्याच्याकडे गावभर चालणारा चेहरा किंवा लाट आहे त्याला थेट निवड हवी आणि ज्याच्याकडे वॉर्डावॉर्डांत बांधलेली माणसं आहेत त्याला सदस्यांतून.

आता मुसलमान म्हणून मला यातलं काय सोयीचं, तेही सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी उकरून काढायला नको. सदस्यांतून निवड असली की मोहल्ल्यातून निवडून आलेल्या एका सदस्यालाही भाव असतो. एका मतासाठी दोन्ही पॅनेलचे पुढारी त्याच्या ओट्यावर येतात. गटारीचं काम, कब्रस्तानाची भिंत, रस्त्यावरचा दिवा या गोष्टी त्या दोन दिवसांत कबूल होतात. थेट निवडीत गावभराची मतं लागतात, आणि आजच्या वातावरणात 'आपल्या' माणसाला गावभराची मतं मिळवणं किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको. पण त्याच एका मतासाठी सदस्यांना गाडीत घालून सहलीला नेतात, मोबाईल काढून घेतात आणि मतदानाच्या दिवशी थेट पंचायतीच्या दारात उतरवतात, हेही मी पाहिलंय. त्यात आमचेही होते. म्हणून अमुकच पद्धत पवित्र, असं मी म्हणत नाही. माझं भांडण पद्धतीशी नाही. खेळ चालू असताना, जिंकत असलेल्याने नियम बदलायचे, याच्याशी आहे.

शेजारच्या कर्जतचं बघा. आमचाच मतदारसंघ. २०२४ च्या विधानसभेला इथे रोहित पवार राम शिंदेंपेक्षा फक्त १,२४३ मतांनी पुढे राहिले. इतक्या चुरशीत नगरपंचायतीतला एकेक नगरसेवक सोन्याचा होतो. नगरसेवक फुटले, नगराध्यक्षांवर अविश्वासाची चाल झाली. आणि नेमक्या त्याच दिवसांत, एप्रिल २०२५ मध्ये, राज्याच्या मंत्रिमंडळाने अध्यादेश काढून नगराध्यक्षांना हटवायची प्रक्रियाच बदलून टाकली. कायदा कर्जतसाठी बदलला, असा आरोप विरोधकांनी केला. सरकारने तो मानला नाही. ठीक आहे. मग हा बदल पुढच्या निवडणुकीनंतर निवडून येणाऱ्यांना लागू करायला काय हरकत होती? अध्यादेशाची घाई कशाची होती?

विरोधकांनीही फार निरागस चेहरा करू नये. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतला, तेव्हा सत्तेत तेच होते. विधेयकाला सभागृहात विरोधही झाला नाही. कारण सांगितलं ओबीसी आरक्षणाचं. २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांमधलं ते आरक्षण अडवलं होतं. मुसलमानांतले तांबोळी, बागवान, अत्तार, मोमीन ओबीसी जागेवरच उभे राहतात, त्यामुळे ते आरक्षण आमचंही होतं. पण ते वाचवायच्या नावाखाली निवडणुकाच बुडाल्या. आमची जिल्हा परिषद आणि पंचायत समिती मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हातात गेली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका चार महिन्यांत घ्या. तेही वेळेत झालं नाही. या काळात रस्त्याची तक्रार घेऊन जायला सदस्यच नव्हता. साहेबांना भेटायचं, तर साहेब मीटिंगला.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला लेसोथो नावाचा डोंगराळ देश आहे, चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. तिथे १९९८ साली सत्ताधारी पक्षाला साधारण ६० टक्के मतं पडली आणि ८० पैकी ७९ जागा मिळाल्या. लोक रस्त्यावर आले, शेजारी देशांचं सैन्य घुसलं, राजधानी मसेरूचा बाजार जळाला. त्यानंतर त्यांनी एक शहाणपणा केला. सगळ्या पक्षांची समिती बसवली, आणि हरलेल्यांनाही मतांच्या प्रमाणात वाटा मिळावा म्हणून ४० जागा वाढवल्या. २००२ ची निवडणूक त्या नियमाने झाली. २००७ ला मोठ्या पक्षांनी छोट्या पक्षांना पुढे करून तीच सोय लुबाडली. मग पुन्हा वर्षानुवर्षं तंटा, बोत्सवानाच्या माजी राष्ट्राध्यक्षांची मध्यस्थी आणि २०११ ला कायद्याची दुरुस्ती. म्हणजे सगळ्यांनी बसून लिहिलेल्या कायद्यातही चोरवाट निघते. पण ती बुजवायलाही त्यांना पुन्हा सगळ्यांना बसवावं लागलं. आपल्याकडे एका बुधवारी मंत्रिमंडळ बसलं की काम फत्ते.

माझी मागणी मोठी नाही. सरपंच, नगराध्यक्ष, प्रभाग, आरक्षण यांच्या नियमांत काहीही बदल केला तरी तो चालू मुदतीत लागू होऊ नये, पुढच्या निवडणुकीपासूनच व्हावा. प्रभागरचना आयोगाकडेच राहावी. आणि असा मसुदा अध्यादेशाने न येता आधी ग्रामसभेत वाचून दाखवावा. रेशनकार्डाच्या यादीसाठी ग्रामसभा भरते, यासाठी का नाही?

२०१७ चा निर्णय झाला तेव्हा राम शिंदे मंत्रिमंडळात होते, आज विधान परिषदेचे सभापती आहेत. २०२० चा कायदा झाला तेव्हा रोहित पवार सत्ताधारी बाकावर होते. दोघंही आमच्या किल्ल्याजवळ येतात, १७९५ च्या लढाईत सगळे मराठे सरदार कसे एकत्र आले ते सांगतात आणि गाडीत बसून जातात. पुढच्या वेळी आले की मी हा कागद त्यांच्या हातात देणार आहे. सही कोण करतो ते बघू.